दहा माणसं आणि एक कबर

ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, दुसऱ्या दिवसावर आला होता आणि खाटीक अजून फिरकला नव्हता. बॅबिलोनियातला, तिसऱ्या शतकातला एक मोठा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्याची वाट पाहत होता. नाव आब्बा, पण अधिकार एवढा की तालमूद, ज्यूंचं कायद्याच्या चर्चांचं आणि कथांचं जुनं संकलन, त्याला नुसतं ‘राव’, म्हणजे गुरू, म्हणतं. दोघांचं काहीतरी बिनसलं होतं आणि चूक खाटकाची होती. वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवसाआधी, ज्याला आपण दुखावलं त्याच्या दारात आपण जायचं, अशी रीत. खाटीक येईना तेव्हा राव म्हणाला, चला, मीच जातो. वाटेत त्याचा शिष्य हुना भेटला. कुठे निघालात, त्याने विचारलं. अमक्याची समजूत काढायला, राव म्हणाला. हुना म्हणाला, आब्बा आज माणूस मारायला निघालाय.

राव दुकानात जाऊन उभा राहिला. खाटीक बसून जनावराचं डोकं फोडत होता. त्याने मान वर केली, म्हणाला, ‘‘तू आब्बा ना? चल जा, तुझं माझं काही देणंघेणं नाही.’’ आणि पुन्हा घाव घातला. एक हाड उडालं, त्याच्या गळ्यावर बसलं आणि तो मेला.

संपली गोष्ट. तालमूद तात्पर्य सांगत नाही, पुढच्या विषयाकडे वळतं. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ही उद्धट माणसाला देवाने दिलेल्या शिक्षेची गोष्ट वाटली, आणि जरा स्वस्तही. नंतर हुनाचं वाक्य डोक्यात राहिलं. खाटकाचं हाड उडायच्या आधीच त्याला काय दिसलं होतं? रावच्या मनात राग नव्हता, उलट तो मोठेपणा घेऊन निघाला होता. पण गावातला सर्वांत मोठा माणूस, ज्याचं बरोबर आहे तो, भर बाजारात, गिऱ्हाइकांदेखत तुमच्या दुकानात येऊन तुमच्या डोक्याशी उभा राहतो आणि म्हणतो, मी आलोय. तुम्ही काय कराल? रडाल की सुरा आणखी जोरात चालवाल?

त्याच पानावर, या गोष्टीच्या अगदी आधी, रब्बी झेराची एका ओळीची हकिकत आहे. झेराला कोणी दुखावलं की तो त्या माणसाच्या समोरून मुद्दाम येजा करायचा. काही बोलायचा नाही. फक्त समोर दिसत राहायचा, म्हणजे त्या माणसाला वाटलं तर त्याने हाक मारावी. तालमूदच्या संपादकांनी या दोन हकिकती शेजारी शेजारी ठेवल्या ते योगायोगाने असेल असं मला वाटत नाही. दोघेही रीतीपेक्षा जास्त करत होते. झेराने समोरच्याला हाक मारायला जागा ठेवली, रावने ती ठेवली नाही.

पश्चात्तापाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा मनाबद्दल बोलतो. मन खाणं, आतून जळणं, डोळ्यांतून पाणी. ज्यू परंपरेत हे सगळं आहेच. पण मला तिच्याकडे ओढलं ते तिच्या व्यवहारीपणाने. कुठे जायचं, किती वेळा जायचं, कोणाला बरोबर न्यायचं, काय बोलायचं, समोरचा नाहीच म्हणाला तर काय, हे सगळं लिहून ठेवलेलं. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे तालमूद ज्यावर उभं आहे त्या नियमसंग्रहात, नियम आहे: माणूस आणि देव यांच्यातली पापं योम किप्पूर धुऊन टाकतो, माणूस आणि माणूस यांच्यातली पापं, ज्याला दुखावलं त्याची समजूत काढेपर्यंत, धुतली जात नाहीत. पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य करा, चामड्याचे जोडे काढून ठेवा, पांढरे कपडे घाला, दिवसभर छातीवर मूठ आपटत कबुलीजबाब म्हणा. शेजाऱ्याचं देणं तसंच राहतं. देव आपल्या वाट्याचं माफ करतो. शेजाऱ्याच्या वाट्याचं माफ करायचा अधिकार तो स्वतःकडे घेत नाही. आणि ‘पाप करीन, मग पश्चात्ताप करीन’ असं आधीच ठरवून ठेवणाऱ्याला पश्चात्तापाची संधीच दिली जात नाही, असंही तिथेच म्हटलंय.

त्या दिवशीच्या कबुलीजबाबाबद्दल एक सांगायलाच हवं. तो हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने आहे आणि अनेकवचनी आहे: आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. त्यातल्या कितीतरी ओळी तोंडाने केलेल्या पापांच्या आहेत. निंदा, चहाडी, थट्टा, पोकळ शपथा, मूर्खासारखी बडबड. आणि त्यांच्या मधोमध एक ओळ अशी की नुसत्या तोंडाने दिलेल्या कबुलीबद्दल क्षमा कर. म्हणजे कबुली देता देताच माणूस त्या कबुलीची कबुली देतो. हे ज्याने लिहिलं त्याला माणसाची पक्की ओळख असणार.

बाराव्या शतकात या सगळ्या नियमांची नीट मांडणी केली मोझेस बेन मायमन याने. युरोपात तो मायमोनिडीस, ज्यूंमध्ये रामबाम. जन्म स्पेनमधल्या कोर्दोबाचा, आयुष्याचा उत्तरार्ध कैरोजवळच्या फुस्तातमध्ये वैद्यकी करण्यात गेला. त्याच्या ‘मिश्ने तोरा’ या चौदा ग्रंथांच्या संहितेतल्या पहिल्याच ग्रंथात पश्चात्तापाचे दहा अध्याय आहेत. भाषा सरळ, कायद्याच्या पुस्तकाची. पूर्ण पश्चात्ताप कोणता? तीच संधी पुन्हा आली, अंगात बळही तेच आहे, मोहही तोच आहे, आणि तरीही माणूस पाऊल मागे घेतो. भीतीने नव्हे, थकला म्हणूनही नव्हे. म्हातारपणी सुटलेल्या सवयींना रामबाम पश्चात्ताप मानतो, पण खालच्या दर्जाचा. सोडायचं मनात नसताना नुसती कबुली देणारा, त्याच्या मते, हातात मेलेला सरडा धरून शुद्धीच्या कुंडात बुडी मारणाऱ्यासारखा.

आणि माणसामाणसांतल्या पापांबद्दल: आधी भरपाई द्यायची. मग माफी मागायला जायचं. नाही म्हणाला तर तीन मित्र घेऊन जायचं. तरी नाही, तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तीन वेळा होऊनही तो हट्टाला पेटला असेल तर सोडून यायचं. आता पाप त्याचं. पण दुखावलेला माणूस आपला गुरू असेल तर हजार वेळासुद्धा जावं लागतं. आणि तो मेला असेल तर? दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि त्यांच्यादेखत म्हणायचं, मी देवाचा आणि या माणसाचा अपराध केला, तो असा असा.

ही दहा माणसं आली की मला थेट आठवतो तो तेराव्या शतकातला जिरोनाचा रब्बी योना. रामबाम 1204 साली वारला, आणि त्याच्या पुस्तकांवरून दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये ज्यूंची आपापसातच जुंपली. हा माणूस ग्रीक तत्त्वज्ञान ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तोरात, घुसडतोय, म्हणणारे एका बाजूला. त्यांचा पुढारी माँपेलियेचा रब्बी श्लोमो, आणि त्याचा तडफदार शिष्य योना. 1232 च्या सुमारास या मंडळींनी रामबामच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथावर आणि संहितेच्या पहिल्या ग्रंथावर बहिष्कार पुकारला. पहिला ग्रंथ, म्हणजे तोच, ज्यात पश्चात्तापाचे दहा अध्याय आहेत. पुढे ती पुस्तकं ख्रिस्ती धर्मसत्तेच्या हाती पडून जाळली गेली. काही वर्षांनी, 1242 मध्ये, पॅरिसला त्याच धर्मसत्तेने गाडे भरभरून तालमूदच्या प्रती जाळल्या.

योना हादरला. यापुढची हकिकत आपल्यापर्यंत येते ती बरीच नंतर लिहिलेल्या एका पत्रातून, व्हेरोनाच्या हिलेल नावाच्या विद्वानाच्या. तपशिलांबाबत इतिहासकार त्याच्यावर फार विसंबत नाहीत: दोन्ही होळ्यांमध्ये तो चाळीस दिवसांचं अंतर सांगतो, प्रत्यक्षात ते काही वर्षांचं होतं. पण हकिकतीचा गाभा परंपरेने मानला आहे. योनाने सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, उभं राहून जाहीर केलं की मी रामबामबद्दल जे बोललो ते चूक होतं, आणि नवस केला की गालिलीतल्या तिबेरियसला त्याच्या कबरीपाशी जाईन, दहा माणसं बरोबर नेईन आणि तिथे क्षमा मागीन.

तो निघाला. बार्सिलोनाच्या लोकांनी त्याला ठेवून घेतलं. इथे शिकवणारं कोणी नाही, थोडं थांबा. तिथून निघाला तो तोलेदोला पोचला. तिथेही तेच. तो शिकवत राहिला, प्रवचनांत रामबामचं नाव आदराने घेत राहिला, आणि 1263 च्या सुमारास तोलेदोतच वारला. कबर राहिली.

हिलेल या मृत्यूला नवस लांबवल्याची शिक्षा म्हणतो. मला त्यात शिक्षेपेक्षा एक फार ओळखीचं काहीतरी दिसतं. योना कुठे चैन करत बसला नव्हता. जिथे थांबला तिथे लोकांच्या उपयोगी पडत होता, आणि ज्याची निंदा केली त्याची स्तुती करत होता. माफी मागायला जायचंच आहे, पण आधी हे एवढं आवरू, असं म्हणत राहायला माणसाला याहून चांगलं कारण मिळणार नाही. आणि गंमत अशी की याच योनाने ‘शारे तेशुवा’, म्हणजे पश्चात्तापाची दारं, हा ग्रंथ लिहिला. पश्चात्तापावर ज्यूंमध्ये यापेक्षा जास्त वाचलं गेलेलं पुस्तक सापडणं कठीण. कबरीवर दहा माणसं नेण्याचा नियम मुळात तालमूदमधला आहे, त्यामुळे योनाला तो रामबामकडून घ्यावा लागला असं म्हणता येणार नाही. तरीही बहिष्कृत ग्रंथातल्या नियमानुसार त्या ग्रंथाच्या कर्त्याची माफी मागायला निघालेला माणूस, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

‘शारे तेशुवा’च्या तिसऱ्या भागात जिभेने केलेल्या पापांवर पानंच्या पानं आहेत. थट्टेखोर, खोटारडे, खुशामतखोर, निंदक असे चार वर्ग पाडून योना त्यांच्या पोटजातींत शिरतो. निंदकाला परतणं का अवघड जातं, याचं त्याने दिलेलं कारण वाचून थबकायला होतं. चोराला निदान माहीत असतं कोणाचं काय चोरलं. निंदकाला आपण किती जणांचं नुकसान केलं ते आठवतच नाही. जे आठवतात त्यांच्यातल्या काहींना पत्ताच नसतो की घाव कोणी घातला, आणि आपण होऊन जाऊन सांगायची लाज वाटते. निंदेने हात पोळलेल्या माणसाचंच हे लिखाण.

ज्यू कायद्यात निंदेची जी कल्पना आहे ती आपल्याला चमत्कारिक वाटू शकते. ‘लाशोन हारा’ म्हणजे दुसऱ्याबद्दल केलेलं वाईट बोलणं, आणि ते खरं असतं! खोटं असेल तर तो वेगळा, आणखी मोठा गुन्हा, त्याला नावही वेगळं. ‘पण मी खरं तेच सांगतोय’ हा आपला हुकमी बचाव तिथे पहिल्याच पायरीला गळून पडतो. तालमूद म्हणतं, निंदा तिघांना मारते: बोलणाऱ्याला, ऐकून खरं मानणाऱ्याला आणि जिच्याबद्दल बोललं गेलं त्या व्यक्तीला. रामबाम पुढे जाऊन म्हणतो, ऐकणाऱ्याचं नुकसान बोलणाऱ्याहून जास्त.

त्याच्या पुढे ‘निंदेची धूळ’ नावाचा एक प्रकार आहे. यात तुम्ही वाईट काहीच बोलत नाही. ‘तो एवढा सुधारेल असं वाटलं होतं का कोणाला?’ हे वाक्य रामबामने उदाहरण म्हणून दिलंय. दुसरं: ‘अमक्याबद्दल काही विचारू नका, काय झालं ते मला सांगायचं नाही.’ हे वाचून मला माझी एक मावशी आठवली. स्थळांच्या चौकशीचे फोन तिच्याकडे येतात, कारण तिला अर्धं शहर माहीत आहे. ‘मुलगा चांगला आहे हो. नोकरी, घर, सगळं आहे. बाकी माणसाचं काय सांगावं.’ आणि मग एक छोटासा सुस्कारा. त्या सुस्काऱ्याने किती लग्नं मोडली असतील देव जाणे. आठशे वर्षांपूर्वी फुस्तातमधल्या वैद्याने तो नेमका ऐकला होता.

पण चौकशीला गप्प बसणं हेही उत्तर नाही. मुलगा खरोखरच दारुडा असेल तर? त्या मुलीच्या आईने फोन कशासाठी केलाय? तोराच्या ज्या श्लोकात ‘आपल्या लोकांत चहाड्या सांगत फिरू नकोस’ असं आहे, त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात ‘शेजाऱ्याच्या रक्ताकडे बघत उभा राहू नकोस’ असंही आहे. या दोन अर्ध्यांमधली वाट आखायला एक अख्खं आयुष्य घातलं ते रब्बी यिस्राएल मेअर कागान यांनी. आज बेलारूसमध्ये असलेलं, तेव्हा रशियन साम्राज्यातलं रादिन हे त्यांचं छोटंसं गाव. गावात वाणसामानाचं दुकान होतं, ते मुख्यत्वे बायको सांभाळायची. 1873 मध्ये व्हिल्नात त्यांचं पुस्तक निघालं, त्यावर लेखकाचं नावच नव्हतं. पुस्तकाचं नाव ‘हाफेत्झ हाइम’. ते स्तोत्रसंहितेच्या चौतिसाव्या स्तोत्रातून घेतलेलं: जीवनाची इच्छा धरणारा माणूस कोण आहे? तर जिभेला वाइटापासून जपणारा. पुढे लोक लेखकालाच या नावाने ओळखू लागले आणि खरं नाव मागे पडलं.

त्याच श्लोकावर एक जुनी गोष्ट आहे. गालिलीत सिप्पोरीच्या आसपासच्या गावांतून एक फेरीवाला ओरडत चाललाय, जीवनाचं औषध घ्या, जीवनाचं औषध! घरात अभ्यास करत बसलेल्या रब्बी यान्नाईने त्याला वर बोलावलं, दाखव म्हणाला तुझं औषध. तुमच्यासारख्यांना त्याची गरज नाही, म्हणत फेरीवाला टाळू लागला. यान्नाईने हट्टच धरला, तेव्हा त्याने झोळीतून स्तोत्रांचं पुस्तक काढलं आणि हाच श्लोक दाखवला. यान्नाई म्हणाला, जन्मभर मी हा श्लोक वाचतोय, एवढा सोपा आहे हे या माणसाने दाखवेपर्यंत मला कळलं नव्हतं. निंदेचं जुनं नातं फेरीवाल्याशीच लावतात, इथलं ऐकून तिथे विकणारा म्हणून. तेव्हा औषध विकायला फेरीवालाच आणणं ही गोष्टकाराची खोडी असावी.

हाफेत्झ हाइमनी खरं तेही कधी सांगावं यासाठी सात अटी घातल्या. स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे, ऐकीव नको. ते खरोखर वाईट होतं ना, याचा घाईने निकाल लावू नये. आधी त्या माणसाला स्वतः भेटून समजावलेलं असावं. तिळाचा ताड करू नये. हेतू कोणाचं तरी भलं करण्याचा हवा, आपला जुना राग काढण्याचा नको. दुसऱ्या मार्गाने काम होत असेल तर बोलूच नये. आणि आपल्या बोलण्याने त्या माणसाचं नुकसान कायद्याने झालं असतं त्याहून जास्त होता कामा नये. लग्नाच्या चौकशीचे तर स्वतंत्र दाखले दिलेत. मावशीला मी या अटी ऐकवल्या. ‘मग फोनवर बोलायचं तरी काय?’ ती म्हणाली. बरोबरच आहे. सात अटी पार करून उरतं ते फार थोडं, आणि जे उरतं ते सांगायला धाडस लागतं. सुस्कारा टाकायला लागत नाही.

इथवर गोष्ट एका माणसाच्या निंदेची होती. रामबामच्या पश्चात्तापाच्या चौथ्या अध्यायात चोवीस अडथळ्यांची यादी आहे, आणि त्यातल्या पाचांची प्रायश्चित्तं पूर्ण होऊच शकत नाहीत असं तो म्हणतो. कारण साधं: कोणाकडे जायचं ते माहीत नसतं. चोराचा वाटेकरी, सापडलेली वस्तू धन्याचा शोध न घेता ठेवून घेणारा, अशा या यादीत पहिलाच आहे एखाद्या व्यक्तीला नव्हे, तर अनेकांना एकगठ्ठा शाप देणारा. कोणाच्या दारात जाईल तो? दहा माणसं कोणत्या कबरीकडे नेईल? एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल, गावाबद्दल रोज फोनवरून पुढे ढकलल्या जाणाऱ्या मजकुरांकडे पाहिलं की वाटतं, हा नियम आपल्यासाठीच शिल्लक ठेवला होता.

याचं एक उदाहरण मराठी बोलणाऱ्यांच्याच वाट्याला आलंय. कोकणातले बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. शेकडो वर्षं बाकीच्या ज्यूंशी संबंध नव्हता, हिब्रू जवळजवळ विसरली गेली, पण योम किप्पूर टिकला, मराठी नावाने: दारफाळणीचा सण. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या समाजाच्या इतिहासात त्याचं वर्णन आहे. पांढरे कपडे, कडक उपास, दारं लावून दिवसभर घरात, बाहेरच्या कोणाशी संपर्क नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण: दानधर्म आणि एकमेकांच्या भेटी. पुढे एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, तेव्हा कबुलीजबाब कळत्या भाषेत आला.

1948 नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. आणि तिथे कुजबुज सुरू झाली की हे खरोखर पूर्ण ज्यू आहेत का? इतक्या पिढ्या तिकडे एकटे, यांचे घटस्फोट, यांचे विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना काढल्या: बेने इस्राएल व्यक्तीला बाहेर लग्न करायचं असेल तर तिचं घराणं जितक्या पिढ्या मागे जाता येईल तितकं तपासा. त्यात शिवी नव्हती. प्रत्येक शब्द कायद्याच्या भाषेत, काळजीपूर्वक लिहिलेला. पण एका समाजाचं नाव घेऊन शंका लिहिली की ती शंका त्यातल्या प्रत्येक वधूच्या, प्रत्येक वराच्या दारात जाऊन उभी राहते. याच परंपरेत, तालमूदमध्येच, श्मुएल नावाच्या रब्बीचं वचन आहे की दुसऱ्याच्या घराण्यात खोट काढणारा स्वतःचीच खोट दाखवत असतो. ते वचन त्या कचेरीतल्या कोणाला पाठ नसेल हे शक्य नाही.

1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबं जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसली. आपल्याकडच्या मोर्चे-उपोषणांची सवय असलेली माणसं ती. ऑगस्टमध्ये नेसेटचं, म्हणजे इस्राएलच्या संसदेचं, खास अधिवेशन बोलवावं लागलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने सांगितलं की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, इतरांत आणि त्यांच्यात काही फरक नाही. रब्बींच्या कचेरीने सूचनांमधून समाजाचं नाव काढून टाकलं. नाव निघालं. पण या दोन-तीन वर्षांत ज्यांची लग्नं अडली त्यांच्या दारात कोण गेलं? रामबामच्या हिशोबाने पाहिलं तर हे नाव आधीच नव्हतं घालायचं, कारण घातल्यावर परतीचा रस्ता उरत नाही.

एका माणसापुरता तरी रस्ता उरतो का, यावरही वाद आहे, आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. हाफेत्झ हाइमनी योनाचा धागा पकडून लिहिलं: ज्याची निंदा केली त्याला ती माहीत नसली, तरी जाऊन सांगायचं आणि क्षमा मागायची. परंपरा सांगते की त्या काळचे नीतिशिक्षणाच्या चळवळीचे प्रणेते, रब्बी यिस्राएल सालान्तर, या जागी अडले आणि त्यांनी पुस्तकाला संमतिपत्र द्यायचं नाकारलं. त्यांचं म्हणणं: त्या बिचाऱ्याला काही माहीत नाही, तो सुखात आहे. आता तुम्ही जाऊन सांगणार, मी तुझ्याबद्दल असं असं बोललो. रात्रभर त्याला झोप लागणार नाही. तुमचा भार हलका करण्यासाठी त्याच्या डोक्यावर ठेवायचा, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

मी दोन्ही बाजूंना जाऊन आलोय. हाफेत्झ हाइमचं ऐकलं की सालान्तर पळवाट दाखवतायत असं वाटतं. ‘त्याला उगीच त्रास नको’ हे भित्र्या माणसाचं आवडतं वाक्य आहे. सालान्तरांचं ऐकलं की खाटकाच्या दुकानात उभा राहिलेला राव दिसतो. सध्या तरी माझं मत सालान्तरांकडे झुकतं, पण एका अटीवर: ज्यांच्या कानांत आपण ते घातलं त्यांच्याकडे मात्र जावं. मी जे सांगितलं ते सांगायला नको होतं, असं त्यांना म्हणावं. त्यात लाजही पुरेशी आहे आणि दुखावलेला माणूस शांत झोपतो. हे कुठल्या ग्रंथात नेमकं असंच आहे असा माझा दावा नाही.

नंतरच्या रब्बींनी व्यवहारी मधला मार्ग काढला: तपशील न सांगता, ‘माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ कर’ एवढंच म्हणा. पर्युषणानंतर आपल्या फोनवर येणाऱ्या क्षमापनेच्या संदेशांसारखंच ते होऊन बसतं, सगळ्यांना एकदम आणि म्हणून कोणालाच नाही, अशी तक्रार ज्यू लोकही करतात. पण याच्या उलट्या बाजूने, दुखावलेल्याच्या बाजूने, एक सोय आहे आणि ती मला जास्त पटते. कोल निद्रेच्या, म्हणजे योम किप्पूर सुरू होतो त्या संध्याकाळी, उपास सुरू होता होता, अनेक जण एक खासगी प्रार्थना म्हणतात, ‘तेफिला झाका’. एकोणिसाव्या शतकात व्हिल्नाच्या रब्बी आव्राहाम दान्झिग यांच्या ग्रंथामुळे ती पसरली. तिच्यात माणूस जाहीर करतो की ज्यांनी ज्यांनी माझा अपराध केला, माझी निंदा केली, माझ्यावर खोटे आळ घेतले, त्या सगळ्यांना मी क्षमा करतो, माझ्यामुळे कोणाला शिक्षा होऊ नये. त्यांना यायला जमलं नसेल, त्यांना लाज वाटली असेल, त्यांना आपण काय बोललो ते आठवतही नसेल. तरी क्षमा.

आणि मग, हात जोडलेलेच असताना, दोन अपवाद. न्यायालयात दावा करून मला जे पैसे वसूल करता येतात ते यात धरलेले नाहीत. आणि ‘मी याचा अपराध करतो, हा काय, माफ करीलच’ असं म्हणून ज्याने अपराध केला, तोही यात नाही.